कारण

जोडी स्टेदर्सच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर
फोटो अजून शाळेतलाच आहे, दातांना तार असलेला.
खाली बारीक अक्षरात: डेटा विभाग, उमेदवारी, वर्ष पहिलं.
सोमवार ते गुरुवार पाणी कंपनी,
शुक्रवारी विद्यापीठ,
शनिवार झोपेचा.
चार वर्षांनी पदवी, डोक्यावर कर्ज नाही:
हे वाक्य तिच्या आईनं
निम्म्या हल शहराला सांगून झालंय
केस कापता कापता.

मैत्रिणी लीड्सला गेल्या, डरमला गेल्या.
रात्री दोनला त्यांचे फोटो येतात.
कुणाच्या डोक्यावर रस्त्यावरून उचललेला शंकू,
कुणाच्या ग्लासात निळं काहीतरी.
जोडी अंगठा पाठवते,
सहा चाळीसचा गजर एकदा तपासते.
हेवा वाटतो का? वाटतो.
पहिल्या पगारातले दीडशे पौंड
आईच्या चहाच्या डब्याखाली ठेवले
तेव्हा जरा कमी वाटला.
बसमध्ये पुन्हा वाटला.

काम म्हणाल तर झाडलोट.
तिला वाटलं होतं, डेटा म्हणजे
पडद्यावर वळणदार रेघा, आणि आपण बोट ठेवून
उद्याचं सांगायचं.
इथं एकच गल्ली सहा तऱ्हांनी लिहिलेली:
सॉल्टर्स रो, सॉल्टर रो, सॉल्टर्स रोड,
आणि कुणीतरी कंटाळून
नुसतंच "तीच".

शिवाय कोरे रकाने.
घर नंबर एकवीस: सलग अकरा तिमाह्या
मीटरची नोंद नाही.
शुक्रवारचा धडा ताजा होता.
कोरं असेल तिथं सरासरी भरा,
नाहीतर ओळच उडवा.
तिनं ओळ निवडली. ती निळी झाली.

"एकवीस?" मागून क्लिफ ब्लेंकिन, हातात चहा.
चाळीस वर्षं दारोदार मीटर पाहिले,
गुडघे गेले तेव्हा खुर्ची दिली,
आता कुणालाच नक्की ठाऊक नाही
की तो इथं काय करतो.
"रडस्टनबाईंचं घर. नवरा गेल्यावर
दार उघडायच्या नाहीत.
नळ मात्र चालू असायचा. बाहेर ऐकू यायचा.
आता फॉर्मवर काय लिहिणार, नळ ऐकू आला?
सोडलं कोरं."

मग तिनं बाकीचीही विचारली.
चौदा नंबर: कुत्रा.
छत्तीस: मीटर तळघरात, तळघरात पाणी.
नऊ?
क्लिफनं मगात पाहिलं.
"तिथं मी गेलोच नाही. थंडी होती.
हे लिहू नकोस."

तिनं ते लिहिलं नाही.
पण शेवटी एक नवा रकाना जोडला,
त्याला नाव दिलं: कारण.

बैठकीत ओल्विनबाईंनी चष्मा वर केला.
हा कशाला? मॉडेलला हे खाता येणार नाही.
"मग राहू दे ना त्याला थोडं उपाशी,"
जोडी बोलून गेली,
आणि कान लाल, मानेपर्यंत.
कुणीतरी खोकलं. पुढचा विषय निघाला.
रकाना कुणी काढला नाही.
ठेवा असंही कुणी म्हणालं नाही.

विद्यापीठात ह्याच कामाला अठ्ठावन्न गुण.
शेरा: रिकाम्या जागांवर
गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला आहे.

त्या शनिवारी ती झोपली नाही.
कोपऱ्यावरून पॅटी आणि चिप्स घेतले,
लाल मसाला जरा जास्तच,
आणि सॉल्टर्स रोवर उतरली. (रोच आहे. पाटी पाहिली.)
एकवीस नंबरला आता दुसरंच कुणी,
अंगणात ट्रॅम्पोलिन, त्यावर एक ओला मोजा.
ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.
तरी ती उभी राहिली, चिप्स संपेपर्यंत,
बेरजेत हातचा धरतात
तसं ते घर धरून.

मग बोटं पुसली.
सोमवारी नोंदी आणखी नऊ हजार.
क्लिफच्या निवृत्तीला सव्वीस दिवस.
तिनं मोजले होते.